चैतातलं फूल, श्रावणातला भाव

भंडारा जिल्ह्यात मोह फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. फेब्रुवारीत झाड उघडं पडतं, फांद्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे घोस धरतात आणि मार्चच्या मध्यापासून एप्रिल सरेपर्यंत फुलं गळत राहतात. गळायची वेळ मध्यरात्रीनंतरची. उजाडताना झाडाखाली मलईच्या रंगाचा, मांसल, गोड आणि किंचित उग्र वासाचा सडा पडलेला असतो. वनस्पतिशास्त्र या झाडाला मधुका लाँगिफोलिया म्हणतं आणि चिकूच्या कुळात बसवतं. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळे चिकूशी हे नातं सहज पटतं.

या साखरेमुळेच मोहाइतकी कायद्यांची माया दुसऱ्या कुठल्या रानझाडाला क्वचितच लाभली असेल. १८९२ साली मुंबई सरकारनं ठाणे-कुलाब्याकडच्या मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून तो कायदा इकडे नव्हता. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९चा दारूबंदी कायदाही इकडे पोहोचला. त्या कायद्याखाली नुसतं वाळलेलं फूल बाळगायला आणि वाहून न्यायला परवाना लागू लागला. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. झाडाखालचं भांडण मात्र त्यानं मिटलं नाही.

ते भांडण इथे दोन तोंडांतून मांडतो. दोघं दीर-भावजय. दीर वनपाल म्हणून निवृत्त झालेले, भंडाऱ्याला राहतात, सणावाराला गावी येतात. भावजय कोका अभयारण्याच्या काठच्या गावात धानाची बांधी कसते, मोह वेचते आणि बायकांचा बचत गट चालवते. ही दोघं अमुक एक माणसं नव्हेत. काठच्या गावांतून, बाजारातून आणि वनखात्याच्या ओसरीवर जे बोललं जातं त्यातून मी ती उभी केली आहेत. दोघंही हट्टी आहेत, हे मुद्दाम ठेवलं.

भाऊजी : वहिनी, पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा आमचा आगीचा हंगाम. नोकरीत होतो तेव्हा त्या चार महिन्यांत घरची झोप माहीत नव्हती. जाळरेषा काढा, अंगारी नेमा, रात्री टेकडीवरून धूर पाहा. आणि आग निघायची कुठून? मोहाच्या बुंध्यापासून.

वहिनी : सगळ्या आगी मोहाच्याच का जी? तेंदूला कोवळी पानं फुटावी म्हणून झुडपं जाळणारे कोण? बिडी पेटती फेकून जाणारे कोण?

भाऊजी : तेंदूचंही आहे, मी नाही कुठे म्हणतो. पण पाचोळा जाळायची सवय तुमचीच. काळ्या राखेवर पांढरं फूल उठून दिसतं, वेचायला सोपं जातं. आग काय बुंध्याशी थांबते? वारा सुटला की बांबूत शिरते. तित्तिर, रातवा, जमिनीवर अंडी घालणारी सगळी पाखरं त्यात जातात. आणि मोहाची हातभर वाढलेली रोपं, तीही जातात. ज्या झाडावर जगता त्याचंच लेकरू जाळता.

वहिनी : लेकराचं मला मान्य आहे. आता जाळायचं कारणही ऐका. फूल पडतं पहाटे. उन्हं चढली की ढोरं येतात, चितळं येतात, त्याआधी अस्वल येऊन गेलेलं असतं. मधल्या दोन-अडीच तासांत बाईनं वेचायचं, टोपली डोक्यावर घेऊन घरी यायचं, सांदवाडीत पसरायचं, मग चूल. पाचोळ्यातून एकेक फूल काढायला दुप्पट वेळ लागतो, वरून विंचवाची भीती. तुम्ही म्हणता आग लावू नका. मग काय करू ते सांगा.

भाऊजी : जाळी अंथरा. काही ठिकाणी खात्यानं वाटल्या आहेत.

वहिनी : आमच्या गटानं जुनी लुगडी शिवून अंथरली, भाऊजी. फूल स्वच्छ येतं, माती नाही, राख नाही, दुकानदारही दोन रुपये जास्त देतो. पण लुगडं धुऱ्यावरच्या एका झाडाला पुरतं. रानातल्या दहा झाडांना लुगडी कुठून आणू? आणि अंथरून आलं की दुसऱ्या दिवशी ते तिथं असेल कशावरून? आगपेटी एक रुपयाची, बाप्पा. जाळीचा भाव विचारा एकदा.

इथे मला वहिनींची बाजू घ्यावीशी वाटते. वणवा हा अडाणीपणाचा परिणाम आहे असं शहरातून सहज वाटतं. प्रत्यक्षात तो हिशेब असतो, वेळेचा आणि पैशाचा. भाऊजींनाही हे ठाऊक आहे, पण तीस वर्षं आग विझवलेल्या माणसाला तो हिशेब मोठ्यानं मान्य करणं जड जातं. त्यांनी लगेच वाघ पुढे केला.

भाऊजी : बरं, आग सोडा. वाघाचं काय? २०१३ला कोका अभयारण्य झालं, त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. इकडे पवनीला लागून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य. वाघ वाढले, बाहेर फिरू लागले. अंधारात वाकून बसलेली बाई वाघाला माणूस दिसत नाही, सावज दिसते. दरवर्षी कुठे ना कुठे मोह वेचताना हल्ला होतो. म्हणून सांगतो, उजाडल्यावर जा, एकटी जाऊ नका, घोळक्यानं जा.

वहिनी : घोळक्यानं गेलं की फूलही घोळक्यात वाटावं लागतं. तुम्हाला वाटतं रानातलं झाड कोणाचंच नाही. आम्हाला माहीत असतं. नाल्याकाठचे दोन माझ्या सासूचे, खडकाजवळचा पाटलांच्या पलीकडच्या घराचा. कागद नाही, पण आजवर त्यावरून कोणी कोणाला दगड मारला नाही. मी उशिरा गेले तर माझं फूल शेजारीण नाही नेणार. चितळ नेईल.

भाऊजी : अभयारण्याच्या आत तर तेही चालत नाही. वन्यजीव कायदा आहे.

वहिनी : आणि वनहक्क कायदा नाही? २००६चा. गौण वनोपजाची मालकी गावाची, असं तुमच्याच ट्रेनिंगला सांगितलं होतं ना?

भाऊजी गप्प राहिले नाहीत, पण आवाज थोडा उतरला. या मुद्द्यावर भंडारा जिल्ह्याची अडचण शेजाऱ्यांपेक्षा वेगळी आहे आणि ती वाचकानं लक्षात घेतली पाहिजे. शेजारच्या गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्यानं ग्रामसभेच्या हाती वनोपज आलं. भंडारा त्या यादीत नाही. इथे भिस्त एकट्या वनहक्क कायद्यावर. त्यातही गोंड कुटुंबाला एक मोजमाप आणि ढिवर, कुणबी, पोवार अशा इतरांना दुसरं : डिसेंबर २००५च्या आधीची ७५ वर्षं, म्हणजे तीन पिढ्या, त्या रानावर जगत असल्याचा पुरावा. मोह वेचायला मात्र सगळेच जातात. फूल जात पाहून पडत नाही.

जुना कागद शोधायला गेलं तर मालगुजारीपर्यंत जावं लागतं. गावची पडीत आणि रान मालगुजाराचं असे, गावकऱ्यांना निस्ताराचे, म्हणजे सरपण-चराईसारख्या घरगुती गरजांचे, हक्क असत. १९५१ला मालगुजारी संपली, रान सरकारजमा झालं आणि बहुतेक ठिकाणी वनखात्याकडे गेलं. मालगुजारानं खोदवलेले तलाव आजही ‘मालगुजारी तलाव’ म्हणूनच ओळखले जातात, पण त्याच तलावाच्या पाळीवर उभ्या असलेल्या मोहाचं नाव कोणत्या कागदात आहे, हे तलाठ्यालाही शोधावं लागेल. धुऱ्यावरचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा मोह त्या मानानं सुखी. तो मालकाचा. तरी मालकालाही तो मनात आलं म्हणून तोडता येत नाही, कारण १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत मोह आहे, साग, आंबा, चिंच, हिरडा, ऐन यांच्या पंगतीत.

भाऊजी : त्या कायद्यामुळेच तुमच्या धुऱ्यावर मोह उरला आहे, वहिनी. नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही म्हणून कधीच गेला असता.

वहिनी : कायद्यानं नाही उरला. दरवर्षी पैसे देतो म्हणून उरला. धान निघालं, लाखोळी-जवस निघालं, की मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे काय असतं? रोजगार हमीचं काम निघालं तर निघालं. मोह तेव्हा पडतो. लेकराची फी, बियाण्याची उधारी, लग्नाचा आहेर, सगळं त्यातून. ज्या वर्षी गारपीट झाली, त्या वर्षी गावातले किती पोरं नागपूरला बांधकामावर गेले ते तुम्ही मोजलं नाही.

भाऊजी : पैसे देतो हे खरं. पण कशाचे पैसे देतो तेही बोला. वाळलेलं फूल गावातून जातं ते काय लाडू करायला?

आता गाडी दारूवर आली. येणारच होती. मोहाविषयीची कोणतीही चर्चा इथवर आल्यावाचून राहत नाही आणि एकदा आली की तिथून हलत नाही. या दोघांच्या बाबतीत गंमत अशी की ज्या बाजूला जो असेल असं वाटतं, तिथे तो नाही. भावजयीनं ऐन तारुण्यात बचत गटातल्या बायकांना घेऊन गावातल्या भट्टीची मडकी फोडली आहेत. दीर पोळ्याला गावी आले की घोटभर घेतात आणि त्यात काही वावगं मानत नाहीत.

वहिनी : आम्ही फोडली ती मडकी मोहाची होती असं तुम्हाला कोणी सांगितलं? सडव्यात मोह नावाला. काळा गूळ, नवसागर, आणखी काय काय. मोह महाग पडतो, भाऊजी, गूळ स्वस्त. पेपरात येतं, मोहफुलाचा सडवा नष्ट केला. फुलाचं नाव खराब आणि धंदा गुळाचा.

भाऊजी : मग तर सरळ आहे. कायदेशीर करा, स्वच्छ करा. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा म्हणून परवाने दिले, आदिवासींच्या गटांना भट्ट्या दिल्या. आपल्याकडे २०२२ला मंत्रिमंडळानं ठरवलं की काजूच्या बोंडाची आणि मोहफुलाची दारू देशी नाही, विदेशी मद्यात धरायची.

वहिनी : विदेशी! आमच्या नाल्याकाठची?

भाऊजी : वर्गवारी आहे ती. देशी म्हटलं की स्वस्त बाटली, विदेशी म्हटलं की चांगली बाटली, चांगला भाव. उद्या कोणी कारखाना काढला तर तुमच्या फुलाला मागणी येईल.

वहिनी : मागणी आजही आहे. भाव कोणाला मिळतो ते विचारा. गोंडांच्या घरी लग्नात मोहाची डहाळी लागते, पेनाला, त्यांच्या देवाला, पहिला थेंब लागतो, त्याला मी कधी बोलले नाही. ते मोजून असतं, वडीलधाऱ्यांसमोर असतं. पण कारखाना आला की बाटली गावच्या चौकात येईल, आणि ती विकत घेणारा नवरा माझ्याच गटातल्या बाईचा असेल. लाखांदूरहून पलीकडे गेलं की गडचिरोली, १९९३पासून बंदी. तिथे सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. चंद्रपूरची बंदी सहा वर्षांत उठली. पण दारू विकून गावाचं भलं होईल हे मला कोणी शिकवू नये.

भाऊजी : म्हणजे फूल विकायचं, पण त्याचं काय होतं ते बघायचं नाही?

नेमका प्रश्न. वहिनींना त्याचं उत्तर थोडं थांबून द्यावं लागलं आणि ते या सगळ्या भांडणातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं आहे असं मला वाटतं.

वहिनी : बघते ना. बघते म्हणूनच सांगते. चैतात गावातल्या दुकानदाराकडे मोह जातो. ओला असेल तर मातीमोल, वाळलेला असेल तरी तो म्हणेल तो भाव. त्याच्याकडे आधीची उधारी असते, तोंड उघडता येत नाही. तो भरतो कोरड्या गोदामात. आणि आखाडी आली, पोळा आला, बैलाला चारायला, देवाला, पाहुण्याला फूल पाहिजे झालं की आम्ही त्याच्याकडूनच परत विकत घेतो. कधी दुपटीनं. आमचंच फूल, भाऊजी. चार महिन्यांनी.

भाऊजी : मग तुम्हीच का ठेवत नाही चार महिने?

वहिनी : कुठे? कवेलूचं घर, मृगात गळतं. मोहाला ओल लागली की काळा पडतो, बुरशी धरतो, आतून किडतो. आणि तुमचा कायदा होता ना इतकी वर्षं. पोलीस आला, घरात पोतं सापडलं, की तुम्ही भट्टीवाले. सासू माझी पोतं गवताच्या गंजीत लपवायची. खायचं फूल होतं ते. भाजून जवसासोबत कुटायचं, लेकरांना गोळे करून द्यायचे. दुष्काळात तेच पोट भरायचं. आणि ते लपवायचं.

भाऊजींना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी इतकंच म्हटलं की पोलिसांचा आणि वनखात्याचा संबंध नाही.

माझ्या मते मोहाचा वाद दारूच्या नावानं चालतो, पण तो मुळात साठवणीचा वाद आहे. कायद्यानं फूल वेचायला तितकं अडवलं नाही, जितकं ते घरात ठेवायला अडवलं. ज्याच्याकडे परवाना आणि कोरडं गोदाम होतं त्याला चार महिने थांबता आलं. ज्यानं वेचलं त्याला त्याच आठवड्यात विकावं लागलं. दारूबंदीचा हेतू चांगला असेल, पण त्यातून सर्वांत स्वस्त दरात फूल घेण्याची सोय व्यापाऱ्याला झाली आणि भट्टी कुठेच बंद पडली नाही. याच भागातल्या लाखोळीच्या डाळीवरही राज्यानं कित्येक वर्षं विक्रीबंदी ठेवली होती. तीही गरिबाच्या ताटातली. दारूबंदीवाले आणि दारूवाले दोघंही मोहाकडे बाटलीतूनच पाहतात, म्हणून त्यांना गोदाम दिसत नाही. २०२१च्या निर्णयानं घरात पोतं ठेवण्याचा गुन्हा पुसला गेला असेल, पण कवेलू काही त्यानं गळायचे थांबले नाहीत आणि दुकानदाराच्या वहीतली उधारीही तशीच आहे.

भाऊजी : त्याला उपाय आहेत. वनधन केंद्रं निघाली, हमीभाव आहे.

वहिनी : हमीभाव कागदावर आहे. खरेदी केंद्र किती लांब आणि कधी उघडतं, ते पाहा. मोह एप्रिलात पडतो आणि केंद्राचा आदेश मे महिन्यात येतो, असं झालं तर त्या भावाचं मी काय करू? मला केंद्र नको. मला एक पक्की खोली पाहिजे, फरशीची, वारा खेळणारी, जमिनीपासून वर. आणि पोतं ठेवल्यावर त्याच दिवशी निम्मे पैसे उचल म्हणून. बाकीचे श्रावणात. धानाला तारण योजना आहे बाजार समितीची, मोहाला काहून नाही?

भाऊजी : चावी कोणाकडे राहील?

वहिनी : गटाकडे.

भाऊजी : आणि श्रावणात ते कोणाला विकाल? पुन्हा भट्टीवाल्यालाच ना?

वहिनी : काही जाईल. खोटं बोलत नाही. पण काही खायला जाईल, काही ढोरांना, काही लाडूवाल्यांना. आज सगळंच त्याच्याकडे जातं, कारण थांबणारा तो एकटाच आहे.

यावर भाऊजी थेट झाडावर आले. मला वाटतं त्यांच्या मनात पहिल्यापासून तेच होतं, वाघ आणि आग ही नुसती वाट होती. नवेगाव-नागझिरा भंडारा जिल्ह्यातच होतं, १९९९ला गोंदिया वेगळा व्हायच्या आधी, त्या काळातली त्यांची नोकरी. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली नवेगावला होऊन गेले, त्यामुळे तिथला प्रत्येक वनपाल झाडापाखरांच्या नोंदी ठेवण्यात थोडाफार अभिमान मानतो. त्यांना मोहाची मोठी झाडं आठवतात, पण मधल्या वयाची आठवत नाहीत.

भाऊजी : वहिनी, मला एक मोह दाखवा जो तुमच्या लग्नानंतर उगवला. म्हातारे आहेत, भरपूर आहेत. पोरसवदा नाहीत. आज जे झाड फूल देतं ते तुमच्या आजेसासऱ्याच्या वेळचं. बी पेरून वाढवलं तर पहिलं फूल आठ-दहा वर्षांनी, भरात यायला वीस. आज लावलं नाही तर तुमच्या नातवाला गोदामाची चावी असेल आणि आत ठेवायला फूल नसेल.

वहिनी : फूल वेचल्यानं बी कमी होतं का?

भाऊजी : नाही. तेच तर सांगतो. जमिनीवर पडतं ते नुसतं गोड बोंड, पाकळ्यांचं. बीजकोश वर देठालाच राहतो, त्याचंच फळ धरून जून-जुलैत टोळी होते. फूल कितीही वेचा, झाडाचं काही जात नाही. टोळी वेचता तेव्हा जातं. एकही सोडत नाही तुम्ही. उरलं ते वटवाघळं, डुकरं. त्यातून उगवलं ते ढोरं खातात, त्यातून वाचलं ते मार्चची आग.

वहिनी : तेल कसं करायचं मग? भाजीला घालायचो आम्ही, दिव्याला, साबणाला. ढेप ढिवर नेतात तळ्यात टाकायला.

ढेपेची गोष्ट इथे थांबून सांगण्यासारखी आहे. मोहाच्या ढेपेत सॅपोनिन असतं, ते माशांना विषारी. शेततळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी जुने, नको असलेले मासे काढायला हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची ढेप टाकायची, असं मत्स्यशेतीची पुस्तकं सांगतात. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि उरलेल्या ढेपेचं खत होतं, ते नव्या माशांना पोसतं. तलावांच्या जिल्ह्यात या झाडानं जमिनीवरच्या माणसांइतकीच पाण्यातल्या धंद्यालाही मदत करावी, हे मला फार आवडतं. पण त्याचीही किंमत टोळीनं मोजली जाते.

भाऊजी : रोपवाटिकेतून आणून लावावं म्हटलं तर मोहाचं मूळ सरळ खोल जातं, उपटून लावलं की रुसतं. बी ठेवून पुढच्या वर्षी पेरावं म्हटलं तर काही आठवड्यांत त्याचा जीव जातो. पावसाळ्यातच, ताजं, जागेवर टोचावं लागतं. गुजरातेत गोध्र्याकडे बागायतीवाल्यांनी कलमं केली आहेत, लवकर फुलणारी. पण कलमाचा मोह शेतात जमेल, रानात कोण लावणार?

वहिनी : कलमाचं फूल कोणाचं असेल? ज्याचं वावर त्याचं. मग रानातलं ज्यांना वावर नाही त्यांनी काय वेचायचं? रानातलाच वाढवा.

भाऊजी : तेच म्हणतो. दहातलं एक झाड सोडा. त्याची टोळी नाही वेचायची. खाली आग नाही, ढोरं नाहीत, तीन-चार पावसाळे काटेरी कुंपण. गटानं ठरवलं तर होईल.

वहिनी : कोणतं झाड? माझ्या सासूचं सोडलं तर खडकाजवळची बाई येऊन वेचेल. तिचं सोडलं तर ती म्हणेल माझंच काहून? रानात ‘दहातलं एक’ म्हटलं की ते एक दुसऱ्याचं असतं, भाऊजी. तुम्ही तीस वर्षं आम्हाला आगीचं सांगितलं, ते याचसाठी कोणी ऐकलं नाही. ज्याला सोडायला सांगता त्याला दिसलं पाहिजे की सांगणाऱ्यानं आधी सोडलं.

भाऊजी : मी काय सोडू? माझ्याकडे कुठला मोह?

वहिनी : तुमच्या हिश्श्याच्या बांधीवर दोन उभे आहेत ना धुऱ्याला. पावसाळा आला की टोळी मी वेचते, घाणीवरून काढून आणते आणि तेल तुम्ही भंडाऱ्याला घेऊन जाता.

भाऊजी : ते गुडघ्याला लावतो मी. डॉक्टरच्या औषधापेक्षा बरं वाटतं.

वहिनी : मेडिकलमध्ये ट्यूब मिळते. ते दोन मोह या वर्षीपासून सोडले, असं गटाच्या बैठकीत मी सांगते, मग बाकीच्या बायका काय म्हणतात ते पाहू. आणि जाळ्यांचं तुमच्या साहेबांना होळीच्या आधी विचारून ठेवा. होळीनंतर जाळी आली तर तिच्यात आम्ही मासेच धरू.